आधी यादी काढ

तुझा लांबलचक मेसेज वाचला. तू म्हणतोस, तुरुंगातल्या सर्कलची (म्हणजे बराकींच्या गटाची) ड्युटी सांभाळू की योगवर्ग, कॉम्प्युटर क्लास, भजन स्पर्धा बघू, वरून रोज "काय उपक्रम घेतले" विचारतात. अरे, उपक्रमांचं नंतर बघू. तुझ्या बॅरकमध्ये कोण आहे आणि का आहे हे तुला सांगता येईल का? येत नसेल तर आधी यादी काढ.

२०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत चारातले तीन जण कच्चे कैदी होते, म्हणजे खटला अजून न संपलेले. त्यांच्यावर कामाची सक्ती नाही, तुरुंगातला कारखाना बहुतेक पक्क्यांनी, म्हणजे शिक्षा झालेल्यांनी चालतो, हे कच्चे दिवसभर तारखेची वाट बघत पडलेले. त्यांना शिवणकाम शिकवण्याआधी त्यांचं वॉरंट वाच, म्हणजे कोर्टाने त्यांना आत पाठवल्याचा कागद. आधी कधी शिक्षा न झालेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, बाकीच्यांनी निम्मा, की कोर्टाकडे लेखी अर्ज करायचा तो अधीक्षकाने, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम ४७९ मध्ये स्पष्ट लिहिलंय (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त केसेसवाले सोडून). वकील करेल म्हणून गप्प बसायचं नाही. पण यादीच नसेल तर अर्ज कुणाचा करणार?

माझ्या बॅरकमध्ये एक पोरगा होता, जामीन मंजूर होऊनही आतच, कारण जामीनदार नाही. आई मुलाखतीला यायची, जाळीला बोटं अडकवून नुसती उभी राहायची. त्याच आठवड्यात प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र घेताना त्याचा फोटो छापून आला, पाहुणे खुश. आता सुप्रीम कोर्टाचे २०२३ चे निर्देश आहेत, जामीन मिळून सात दिवसांत सुटला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. तेव्हा असलं काही नव्हतं, मी आपला पत्रं लिहीत बसायचो. स्टाफ मला मागून कारकून म्हणायचा, वरच्यांनी तर "उपक्रमांत रस नाही" असा शेराच मारला. मारू देत. त्या पत्रांवर माणसं घरी गेली, भजन स्पर्धेने कोण सुटलंय?

उपक्रम नकोच असं नाही रे. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची कैद्यांची खुली वसाहत १९३९ पासूनची, तिथे कैदी बायकापोरांसह राहून शेती करतात, जाऊन बघ एकदा. पण तिथेसुद्धा कुणाला पाठवायचं हे कागद वाचल्याशिवाय कसं ठरवणार?

तर सोमवारी व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) सुरू व्हायच्या आत यादी काढ, अटकेची तारीख, कलमं, जामिनाचा हुकूम, तीनच रकाने पुरे. नावं खोडून मला पाठव. आणि त्या योगवर्गाला चटया आल्यात का ते तुझ्या सुभेदाराला विचार, मला नको.