आणलेली बदके थेट कोंबड्यांत सोडू नका

प्रश्न : बंद पडलेल्या रिसॉर्टवरची बेवारस बदके (दोन नर, चार माद्या) घरी आणली आहेत. परसात पंधरा गावठी कोंबड्या आहेत. एकत्र कधी सोडावीत? दुकानदाराने पाच दिवस पाण्यातून अँटिबायोटिक पावडर द्यायला सांगितली आहे. अनुदान मिळेल का? (एक शेतकरी, कुडाळ)

उत्तर : आधी ती पावडर परत करा. नवे पक्षी आले की दुकानदार हेच पुडके हातात देतो. राणीखेत (म्हणजे मानमोडी), डक प्लेग, बर्ड फ्लू हे विषाणूंचे रोग. त्यांना अँटिबायोटिक लागू पडत नाही. शिवाय कोंबड्यांच्या हिशेबाने कालवलेले पाणी बदके भरमसाट पितात, म्हणजे डोस आपोआप जादा. औषध अंड्यांत उतरते ते वेगळेच. रोग दिसला तर डॉक्टर औषध लिहून देतील. रोग नसताना औषध नाही.

बदके तीस दिवस वेगळी ठेवा. परसाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळे भांडे, वेगळी चप्पल. आधी कोंबड्यांना दाणा, मग बदकांना, उलट नको. बदक धडधाकट दिसते म्हणून घाई करू नका. राणीखेत आणि बर्ड फ्लूचा विषाणू अंगावर वागवूनही ते मजेत चरते, मरतात त्या कोंबड्या. जानेवारी 2025 मध्ये उरणच्या चिरनेरला बर्ड फ्लू निघाला, तोही परसातल्याच पक्ष्यांत.

कोंबड्यांची मानमोडीची लस राहिली असेल तर याच महिन्यात टोचून घ्या. बदकांना डक प्लेगची लस मात्र आल्या दिवशी नको. प्रवासाने दमलेल्या पक्ष्याला लस देऊन उपयोग नाही. आठवडाभर खाऊ-पिऊ द्या, मग दवाखान्यात दाखवा.

तीस दिवसांनंतरही एकदम मिसळू नका. मध्ये जाळी लावून आठवडाभर एकमेकांना बघू द्या. जाळीचा हा आठवडा लोक हमखास गाळतात आणि मग डोकी फुटलेले पक्षी घेऊन येतात. नंतर दिवसा एकत्र चरोत, रात्रीचे खुराडे कायम वेगळे. बदके पाणी सांडून तूस भिजवतात आणि ओल्या तुसात कोंबड्यांना रक्ती हगवण लागते. पाणी बाहेरच ठेवा, नाकपुड्या बुडतील एवढे खोल.

नराकडे लक्ष हवे. शेपटीवर वळलेले पीस आणि घोगरा आवाज, तो नर. एका नराला पाच-सहा माद्या लागतात. तुमच्याकडे चार माद्यांत दोन. एक देऊन टाका. राहिलेला कोंबडीवर चढू लागला तर लगेच वेगळा काढा, कोंबडीला आतून जखम होते. मानेमागची पिसे उपटलेली दिसली की समजा उशीर झाला.

दुकानदार स्वस्तात बुरशी लागलेला मका देईल. घेऊ नका. त्यातले विष कोंबडी काही प्रमाणात पचवते, बदक मरते.

अनुदान : राष्ट्रीय पशुधन अभियानात 50 टक्के, कमाल 25 लाख, पण ते मोठ्या पैदास केंद्रासाठी, सहा बदकांना नाही.

पक्षी मेला तर ओढ्यात टाकू नका. दवाखान्यात कळवा किंवा 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करा.