ट्यूब संपत नाही, तिथंच गडबड आहे

प्रश्न : रोज सकाळी चेहऱ्याला आणि मानेला एसपीएफ ५० चं सनस्क्रीन लावून बाहेर पडते, तरी चेहरा काळवंडतोच. ५० ग्रॅमची ट्यूब दोन महिन्यांपूर्वी उघडली, अजून निम्मी शिल्लक आहे. क्रीम बदलू, की एसपीएफ १०० चं घेऊ?

उत्तर : दोन्ही नको. ट्यूब निम्मी उरली आहे, हेच काळवंडण्याचं पहिलं कारण. एसपीएफचा आकडा ठरवताना प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटर त्वचेवर २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. त्या हिशेबानं चेहरा आणि मान मिळून एका वेळी साधारण एक ते सव्वा ग्रॅम लागतं. म्हणजे दिवसातून एकदाच लावलं तरी ट्यूब दीड महिन्यात संपायला हवी. तुम्ही रोज जेमतेम ०.४ ग्रॅम लावताय. एवढ्या पातळ थरातून ५० चं संरक्षण मिळणं शक्यच नाही. पुरेसं लावलं तर ३० चं सनस्क्रीन सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरण (उन्हातले त्वचा भाजणारे अतिनील किरण) अडवतं आणि ५० चं ९८ टक्के. आकड्यामागे धावण्यात फारसं हशील नाही.

माप सोपं आहे. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची एकेक रेघ ओढा. सगळं एकदम थापलं की चेहरा पांढरट दिसतो आणि मग ते पुसून टाकावंसं वाटतं. म्हणून एका बोटावरचं आधी लावा, दोन मिनिटांनी दुसऱ्या बोटावरचं. कान, मानेची मागची बाजू आणि केसांची कड हमखास राहून जाते. मॉइश्चरायझर लावायचं असेल तर आधी लावा, मुरू द्या, मग वरून सनस्क्रीन. दोन्ही तळहातावर कालवून लावू नका. थर पातळ होतो आणि सलग बसत नाही. उन्हात जाण्याच्या १५-२० मिनिटं आधी लावा. बाहेरच असाल तर दर दोन तासांनी पुन्हा, आणि घाम पुसल्यावर किंवा पोहून आल्यावर लगेच.

आणखी एक. एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीपासूनचं संरक्षण सांगतो. काळवंडण्यात यूव्हीएचा, म्हणजे त्वचेत जास्त खोल शिरणाऱ्या अतिनील किरणांचा, हात मोठा असतो, म्हणून ट्यूबवर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा ‘पीए+++’ लिहिलंय का ते पाहा. गालांवर वांग असेल तर साधा प्रकाशसुद्धा डाग गडद करतो. तिथे आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन जास्त उपयोगी पडतं.

प्रश्न : मी दिवसभर काचेच्या खिडकीशेजारी बसून काम करतो. मला सनस्क्रीन कशाला?

उत्तर : साधी काच यूव्हीबी बरंचसं अडवते, पण यूव्हीए आत येऊ देते. गाडीच्या बाजूच्या काचांचंही बहुधा तसंच. अंगावर थेट ऊन येत असेल तर लावा. पडदा ओढलात किंवा खुर्ची सरकवलीत तर आणखी उत्तम.

प्रश्न : अंघोळीनंतर नडग्या पांढऱ्या पडतात, खाज सुटते. कामावर निघताना लोशन लावतो, पण तासाभरात पुन्हा तेच. पाणीही भरपूर पितो.

उत्तर : पाणी पिऊन नडग्यांचा कोरडेपणा जात नाही. तो वरच्या थरातलं तेल धुऊन गेल्यामुळे येतो. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण ५. साध्या साबणाचा ९ ते १०. त्यात कढत पाणी आणि लांबलेली अंघोळ. पाणी कोमट ठेवा, पाच ते दहा मिनिटांत आटपा, साबण फक्त काखा, जांघा आणि पावलांना लावा. नडग्यांना पाणी पुरे.

अंग खसाखसा पुसू नका, टिपून घ्या. त्वचा दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत क्रीम लावा. तुमचं लोशन इथेच वाया जातं: कोरड्या त्वचेवर लावल्यावर कोंडून ठेवायला ओलावाच उरलेला नसतो. शिवाय लोशनमध्ये पाणी जास्त. खाज सुटण्याइतक्या कोरडेपणाला घट्ट क्रीम किंवा मलम हवं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पेट्रोलियम जेली ते उडू देत नाही. नडग्यांना १० टक्के युरियाचं क्रीम चांगलं लागू पडतं. टाचांच्या जाड कातडीला २० ते २५ टक्क्यांचं चालतं, पण भेग उघडी असेल तर युरिया झोंबतो. आधी काही रात्री पेट्रोलियम जेली भरून मोजे घाला, भेग मिटू द्या.

प्रश्न : मैत्रिणीनं दिलेलं क्रीम सहा महिने चेहऱ्याला लावलं. रंग उजळला. आता एक दिवस लावलं नाही तरी चेहरा लाल होतो, आग होते.

उत्तर : ट्यूबवरचे घटक आजच वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल यांपैकी काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टर ठरावीक आजाराला, ठरावीक दिवसांसाठी ते देतात तेव्हा ते गुणकारी असतं. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमं येतात, लव वाढते. गजकर्णावर लावलं तर खाज थांबते आणि बुरशी मात्र आतल्या आत पसरत राहते, म्हणून तेही करू नका.

बंद केल्यावर होणारी आग ही क्रीम पुन्हा लावण्याची खूण नाही. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा; एकदम थांबवायचं की हळूहळू, हे त्यांना ठरवू द्या. तोवर सौम्य क्लेन्झर, बिनसुवासाचं साधं मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, एवढंच. स्क्रब, ब्लीच, सीरम सगळं बंद. त्वचा सावरायला काही महिने लागतात आणि पहिले काही आठवडे अवघड जातात. तेव्हा धीर सोडू नका.

प्रश्न : पाठीवरचा तीळ मोठा झाल्यासारखा वाटतो. कधी दाखवावा?

उत्तर : तो खरंच वाढत असेल तर लगेच. दोन बाजू सारख्या नसणं, कड वेडीवाकडी असणं, एकाच तिळात दोन-तीन रंग, ६ मिलिमीटरपेक्षा जास्त रुंदी, रक्त येणं, यांपैकी काहीही दिसलं तरी दाखवा. तळवे आणि नखंही पाहा. एकाच नखाखाली उमटलेली, रुंदावत चाललेली काळी रेघ अंगावर काढू नका. बाकीच्या तिळांवर लक्ष ठेवायला महिन्यातून एकदा, सारख्याच उजेडात, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढून घ्या.