माळ आणि माळा

(वसईच्या एका कॅथलिक वाचकाचं पत्र. बायको नगरची, प्रोटेस्टंट. लग्नाला तीन वर्षं झाली. रात्री घरात रोझरी (माळेवरचा मारियेचा जप) सुरू झाली की ती स्वयंपाकघरात जाऊन बसते, आई दुखावतात. 'पतीच्या अधीन असा' हे तिला किती वेळा सांगायचं, असं ते विचारतात.)

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. आईंची नाराजी, शेजारणींची कुजबूज, सगळं कळलं. पण मी अडकले तिसऱ्या पानावरच्या एका ओळीत: रंगकामाच्या वेळी तिचं माहेरचं गीतांचं पुस्तक नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्याच्या खोक्यात गेलं, ते अजून माळ्यावरच आहे.

रंगकाम दीड वर्षापूर्वीचं, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे मध्ये एक नाताळ होऊन गेला. खोकं खाली आलं, मेंढरं निघाली, तीन राजे निघाले, आणि सगळं आवरून परत वर गेलं. पुस्तक आतच. याला विसरणं म्हणत नाहीत हो.

नगरकडे पोरी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं पेटीवर म्हणत मोठ्या होतात. त्याच टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 मध्ये. मधली वर्षं नवराबायकोचा धर्मसुद्धा एक नव्हता! तुमचा तर ख्रिस्तही एकच आहे. मारियेचा जप तिच्या घरात कधी झाला नाही, तो तिच्या ओठांवर येत नसेल तर त्याला हट्ट का म्हणता? आणि आठवा, लग्नाआधी फादरांपुढे आपली श्रद्धा जपायचं वचन तुम्ही दिलंत. ते कॅथलिक जोडीदारानेच द्यायचं असतं, दुसऱ्याला त्याची फक्त कल्पना देतात. रोझरीला बसेन असं तिने कुणालाच कबूल केलेलं नाही.

राहिला संत पौल, ज्याच्या पत्रातलं 'पतीच्या अधीन असा' तुम्ही तिला ऐकवता. इफिसकरांस पत्र, अध्याय 5, वचन 22 तुम्हाला पाठ आहे. 21 वाचलंत का? तिथे तो एकमेकांच्या अधीन व्हायला सांगतो. 25 तर नवऱ्यांनाच उद्देशून आहे, ते मी इथे लिहीत नाही, तुम्हीच उघडून बघा.

आज शिडी लावा. धाकट्या भावाला चढवू नका, स्वतः चढा. पुस्तक पुसून अल्तारावर, म्हणजे घरच्या वेदीवर ठेवा, आणि रोझरी संपली की तिला हाक मारून एक गीत म्हणायला सांगा. नाही म्हणाली तर उद्या परत विचारा. आई काही बोलल्या तर उत्तर तुम्ही द्यायचं, तिने नाही.

पानांना कसर लागली असेल, तर मात्र आधी तिची माफी मागा. अल्तार नंतर.