एमडीएस केलं नाही तर बीडीएस वाया?

बीडीएस, म्हणजे दंतवैद्यकाची पदवी, संपत आलेली मुलं माझ्याकडे सल्ल्याला येतात ती बहुतेक हाच प्रश्न घेऊन: पुढं एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण, केलंच पाहिजे का? गेल्या वर्षी कोथरूडहून एक मुलगी वडिलांबरोबर आली. इंटर्नशिप झालेली, नीट-एमडीएसच्या रँकवर ओरल पॅथॉलॉजीची जागा मिळत होती. वडील म्हणाले, "मॅडम, कर्ज काढतो, पण तिनं मॅनेजमेंट कोट्यातून ऑर्थोच घ्यावं. दातांना तारा लावण्यात पैसा आहे."

वडिलांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि तिला विचारलं, "वेगवेगळ्या विभागांतल्या पोस्टिंगमध्ये कुठं कंटाळा यायचा नाही?"

"पेडोला, लहान मुलांच्या विभागात. रडणारं पोर शांत होऊन तोंड उघडतं ना, तेव्हा फार बरं वाटतं. ऑर्थोला वायर वाकवताना जीव नकोसा व्हायचा."

एमडीएसच्या शाखा नऊ आहेत आणि शिक्षण तीन वर्षांचं. ऑर्थो, एंडो (रूट कॅनालसारखे उपचार), ओरल सर्जरीच्या जागा पटकन भरतात, पॅथॉलॉजी मागे राहते. ती कमी दर्जाची मुळीच नाही. तंबाखू-मिश्रीनं पोखरलेल्या आपल्या राज्यात बायोप्सीची स्लाइड वाचून तोंडाचा कॅन्सर ओळखणारी माणसं हवीच आहेत. पण तिथं सोबत मायक्रोस्कोपची, पुढं बहुधा कॉलेजात शिकवणं. पेशंटमध्ये रमणाऱ्या मुलीनं केवळ जागा मिळतेय म्हणून तिकडं जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वडिलांना आत बोलावून सांगितलं, की स्टेट डेंटल कौन्सिलकडे नोंदणी झाली की बीडीएस डॉक्टर फिलिंग, रूट कॅनाल, कॅप, दात काढणं हे सगळं करू शकते. शिवाय नव्या ऑर्थोडॉन्टिस्टलाही सुरुवातीला दोन-चार क्लिनिकमध्ये ठरलेल्या वारी कन्सल्टंट म्हणून फिरावं लागतं. ओळखी व्हायला वेळ लागतो, हप्ते मात्र थांबत नाहीत.

"पण पुन्हा नीट द्यायची म्हणजे वर्ष वाया जाईल, त्याचं काय?" त्यांची खरी भीती ही होती. मी म्हटलं, "काका, ती घरी बसणार नाही, हाताला सफाई येईल."

तिनं जागा सोडली. सिंहगड रोडच्या एका क्लिनिकमध्ये असोसिएट म्हणून लागली. तिथं शनिवारी पेडोच्या मॅडम यायच्या, त्यांना असिस्ट करायची. पहाटे अभ्यास. पुढच्या नीटला रँक सुधारला, पण पुण्यात पेडो मिळालं नाही, नाशिकला मिळालं. कर्ज वडिलांनी काढलंच, ऑर्थोला लागलं असतं त्याहून बरंच कमी.