उणे पावणेचारचा पूर्णांक किती?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रॅक्टिकलमध्ये आम्हाला अपूर्णांकाचा क्लास (माहिती आणि तिच्यावर काम करणाऱ्या मेथड एकत्र ठेवणारा प्रोग्रामचा भाग) लिहायला दिला होता. अंश आणि छेद त्यात साठवायचे आणि ‘इंटव्हॅल्यू’ या मेथडने त्या अपूर्णांकाचे पूर्णांकात रूपांतर करून द्यायचे, असे काम होते. सोबत जेयुनिटमध्ये, म्हणजे जावाचे प्रोग्राम तपासण्याच्या साधनात, टेस्टही लिहायच्या होत्या. मी ७/२, ६/३ आणि १/२ घेतले, प्रोग्राम चालवून आलेली ३, २ आणि ० ही उत्तरे अपेक्षित उत्तरे म्हणून लिहिली आणि तिन्ही टेस्ट पास झाल्या. तरीही ‘यातून काहीच तपासले जात नाही’ असा शेरा मारून सरांनी गुण कापले. शिवाय माझा मित्र म्हणतो की −७/२ चे उत्तर −४ यायला हवे, कारण पायथनमध्ये तसे येते. माझा प्रोग्राम −३ देतो. चूक कोणाची, आणि टेस्ट किती लिहायच्या?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : सरांचा शेरा कडक असला तरी योग्य आहे. प्रोग्रामने दिलेले उत्तरच अपेक्षित उत्तर म्हणून उतरवून घेतले, तर टेस्ट एवढेच सांगते की प्रोग्राम काल जे करत होता तेच आज करतो आहे. ते बरोबर आहे की नाही, याविषयी ती काहीच बोलत नाही. अपेक्षित उत्तर आधी कागदावर, ठरलेल्या नियमावरून काढायचे आणि मगच प्रोग्राम चालवायचा, हा क्रम कधीही उलटू देऊ नका.

आता मित्राचा मुद्दा पाहू. पायथनमध्ये −७ ला २ ने दुहेरी तिरप्या रेघेने भागले की −४ येते, हे खरे आहे. पण तो खालच्या पूर्णांकाकडे नेणारा भागाकार आहे, रूपांतर नव्हे. त्याच पायथनमध्ये −७/२ हा अपूर्णांक पूर्णांकात रूपांतर करणाऱ्या ‘इंट’ला दिला की −३ च मिळतात. जावात पूर्णांकांचा भागाकार शून्याच्या दिशेने छाटला जातो, म्हणून तिथेही −३ येतात, आणि −४ हवे असतील तर ‘मॅथ’ क्लासमधली ‘फ्लोअरडिव्ह’ ही मेथड आहे. सी भाषेत तर १९९९ च्या प्रमाणकापर्यंत ऋण संख्यांच्या भागाकाराची दिशा कंपायलर तयार करणाऱ्यावर सोपवलेली होती, आणि एकच प्रोग्राम दोन यंत्रांवर दोन उत्तरे देऊ शकत असे. तेव्हा −३ की −४ हा वाद भाषांची साक्ष काढून मिटणारा नाही; तुमच्या क्लासने कोणता नियम पाळायचा, हे आधी लिहून ठेवले पाहिजे. ‘इंटव्हॅल्यू’ जिथून येते तो जावाचा ‘नंबर’ हा मूळ क्लास याबाबत मदत करत नाही, कारण रूपांतरात छाटणी किंवा पूर्णांकन होऊ शकते, एवढेच त्याच्या माहितीपत्रात म्हटले होते.

दोन्ही नियमांना आपापली जागा आहे. शाळेत आपण −७/२ हा पूर्णांकयुक्त अपूर्णांक म्हणून लिहितो तेव्हा उणे चिन्ह पुढे ठेवून तीन पूर्णांक एक छेद दोन असेच लिहितो. तिथे छाटणीचा नियम चालतो. याउलट ज्यांनी लॉग टेबल वापरले आहे त्यांना आठवेल की ०.०५ चा लॉग −१.३०१० असूनही तो डोक्यावर रेघ दिलेला २ आणि पुढे .६९९० असा मांडत, म्हणजे अपूर्ण भाग नेहमी धन राहावा म्हणून पूर्ण भाग खालच्या पूर्णांकाकडे नेत. अपूर्णांकाच्या क्लाससाठी मी छाटणीचाच नियम घेईन, आणि तुमचे −३ त्या नियमाने बरोबर आहेत. परंतु तुमच्या टेस्टमध्ये ही बाब कुठेच येत नाही.

तुमच्या तिन्ही संख्या धन आहेत, आणि धन संख्यांच्या बाबतीत छाटणे व खाली नेणे यांत फरकच पडत नाही. उद्या कोणी तुमच्या मेथडमधला भागाकार काढून तिथे फ्लोअरडिव्ह घातले, तरी जेयुनिटची पट्टी हिरवीच राहील, म्हणजे सर्व टेस्ट पासच दिसतील. मग कोणत्या संख्या घ्यायच्या? पूर्णांकाकडे जाण्याच्या चार मुख्य वाटा आहेत: शून्याकडे छाटणे, खालच्या पूर्णांकाला जाणे, वरच्या पूर्णांकाला जाणे आणि जवळच्या पूर्णांकाला जाणे. बहुतेक जण अशा वेळी साडेतीन घेतात, तुम्हीही घेतले आहे. पण साडेतीन आणि उणे साडेतीन ही जोडी घेतली, तर वरच्या पूर्णांकाला जाणारा प्रोग्राम ४ आणि −३ देतो, आणि जावाची ‘राउंड’ मेथडही नेमके तेच देते, म्हणजे या दोहोंतला फरक कळत नाही. त्याऐवजी पावणेचार घ्या. १५/४ आणि −१५/४ यांची उत्तरे छाटणीने ३ व −३, खाली जाण्याने ३ व −४, वर जाण्याने ४ व −३ आणि जवळच्याने ४ व −४ अशी येतात. चार नियम, चार वेगळ्या जोड्या. दोनच टेस्टमध्ये तुमचा प्रोग्राम कोणत्या वाटेने गेला ते उघड होते. आपल्या भाषेत ही संख्या ‘पावणेचार’ म्हणून चाराच्या बाजूने उच्चारली जाते आणि साडेतीन मात्र तिनाच्या बाजूने, त्यामुळे ३ हे उत्तर पाहून मराठी विद्यार्थी क्षणभर अडखळतो. ते अडखळणे मला फार उपयोगी वाटते, कारण नियम कोणता हे त्याला तिथे थांबून स्वतःला विचारावे लागते.

नियम निवडण्यातली चूक किती महागात पडते, याचे एक उदाहरण. व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक वेळी नवे मूल्य काढताना दशांशचिन्हापुढची तीन स्थळे ठेवून बाकीची छाटली जात. छाटणी नेहमी एकाच दिशेने होत असल्याने निर्देशांक थोडा थोडा घसरत राहिला आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये ५२४.८११ दिसू लागला. नीट हिशेब केल्यावर तो १०९८.८९२ निघाला. प्रत्येक आकडेमोड यंत्राला सांगितल्याप्रमाणेच होत होती.

पावणेचारच्या जोडीनंतर −६/३ घ्या, कारण ऋण संख्येतून एक वजा करून काम भागवणारा चुकीचा प्रोग्राम नेमका पूर्ण भाग जाणाऱ्या ठिकाणी −२ ऐवजी −३ देतो. १५/−४ आणि −१५/−४ हेही घ्या. चिन्ह छेदात असेल तेव्हाचा विचार पुष्कळ जण विसरतात. −१/२ चे उत्तर ० यायला हवे. छेद शून्य असलेला अपूर्णांक तयारच होऊ नये, आणि तो नाकारला जातो हे जेयुनिटच्या ‘असर्टथ्रोज’ने (अपवाद, म्हणजे चुकीची सूचना, उभा राहतो का ते पाहणाऱ्या मेथडने) तपासा. याला मी विशेष महत्त्व देतो. मेथडमध्ये सरळ पूर्णांकांचा भागाकार असेल तर शून्याने भागताच जावा अपवाद उभा करते, पण तुम्ही आधी ‘डबल’ या दशांश संख्यांच्या प्रकारात भागून मग ‘इंट’ या पूर्णांकांच्या प्रकारात नेले असेल तर ७/० चे उत्तर मुकाट्याने २१४७४८३६४७ येते आणि ०/० चे चक्क ०.

आणखी एक टोक राहते. −२१४७४८३६४८ हा अंश आणि −१ हा छेद दिला, तर खरे उत्तर २१४७४८३६४८ आहे; ते ‘इंट’मध्ये मावत नाही, आणि जावा कोणतीही तक्रार न करता पुन्हा −२१४७४८३६४८ हातात ठेवते. इथे अपवाद उभा करायचा की दुसरे काही, हे तुम्ही ठरवा, पण ठरवलेले टेस्टमध्ये दिसू द्या. ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात एरियान ५ हे रॉकेट नष्ट झाले, ते ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात न मावल्याने; तो प्रोग्राम एरियान ४ वरून आणला होता, आणि नव्या रॉकेटच्या मार्गावरील मूल्यांनी तो तपासलेला नव्हता.

किती टेस्ट, याचे उत्तर आकड्यात देता येणार नाही, पण एक प्रयोग करा. मेथडमध्ये मुद्दाम चूक घाला: भागाकाराच्या जागी फ्लोअरडिव्ह ठेवा, नंतर राउंड ठेवा, नंतर छेदाचे चिन्ह विसरा. प्रत्येक चुकीला किमान एक टेस्ट लाल व्हायला हवी. जी चूक घालूनही सर्व हिरवे राहते, तिथे तुमची एक टेस्ट कमी आहे. आणि दोन उत्तरे सारखी आहेत का ते पाहणाऱ्या ‘असर्टइक्वल्स’मध्ये अपेक्षित उत्तर आधी व मिळालेले नंतर लिहा, क्रम उलटला तर टेस्ट नापास झाल्यावरचा संदेश दिशाभूल करतो.

प्रश्न : मी शाळेत पायथन शिकवते. ०.२९ ला १०० ने गुणून ‘इंट’ केले तर २९ ऐवजी २८ येतात. मुलांना काय सांगावे?
— एक शिक्षिका, पणजी

उत्तर : ०.२९ ही संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत (० आणि १ या दोनच अंकांत) नेमकी मांडता येत नाही, त्यामुळे गुणाकार २८.९९९९९९९९९९९९९९६ येतो आणि ‘इंट’ त्याचा अपूर्ण भाग छाटते. मुलांना पायथनसोबत मिळणारा ‘फ्रॅक्शन’ हा क्लास दाखवा. २९ अंश आणि १०० छेद देऊन गुणाकार केला की नेमके २९ मिळतात. मात्र त्याला ०.२९ द्यायचे असेल तर अवतरणचिन्हांत द्या, नाहीतर आधीच बिघडलेली संख्या आत जाते. आणि हे तपासायला ०.२५ निवडू नका, कारण पाव ही द्विमानात नेमकी बसते आणि दोष दिसतच नाही, ०.२९ सोबत ०.५७ घ्या, तिथे ५६ येतात.