मॉरिशसचं सुप्रीम कोर्ट आणि लंडनचं अपील

तुम्ही विचारलंय: ‘मॉरिशसच्या सुप्रीम कोर्टाची इमारत भारताने बांधून दिली असं वाचलं. मग तिथले लोक शेवटच्या अपिलाला अजून लंडनला का जातात? ही गुलामीच नाही का?’

मी कोकणातल्या एका तालुक्याच्या कोर्टात दिवाणी दावे चालवतो. मॉरिशसला एकदाच गेलोय, तेही घरच्यांबरोबर समुद्र बघायला. पण वकिलाचे पाय परक्या गावातही कोर्टाकडे वळतातच, आणि परत आल्यावर मी त्यांची घटना काढून वाचली. तेवढ्या आधारावर लिहितो.

इमारतीबद्दल तुम्ही वाचलंत ते खरं आहे. 30 जुलै 2020 ला, कोविडमुळे पडद्यावरूनच, दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी तिचं उद्घाटन केलं. भारताने 2016 मध्ये मॉरिशसला जे 35.3 कोटी डॉलरचं पॅकेज दिलं, त्यातले सुमारे 2.8 कोटी तिथे लागले. पण इमारत बांधून देणाऱ्याचा निकालाशी काय संबंध? आमच्याकडे शाळेची खोली आमदार निधीतून होते, म्हणून पेपर आमदार तपासत नाही.

आता लंडन. मॉरिशसच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालावर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे ब्रिटिश राजाच्या सल्लागार मंडळाच्या, न्यायिक समितीकडे अपील जातं. समितीत बहुतेक ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाचेच न्यायाधीश बसतात. मराठी माणसाला हे नाव नवं नसावं. ताई महाराज प्रकरणात (दत्तकाच्या वादात) टिळक मुंबई हायकोर्टात हरले आणि 1915 मध्ये जिंकले ते याच प्रिव्ही कौन्सिलमध्ये. आपण ही वाट ऑक्टोबर 1949 मध्ये बंद केली. मॉरिशस 12 मार्च 1968 ला स्वतंत्र झाला, 1992 मध्ये प्रजासत्ताक झाला, तरी त्याने ती चालू ठेवली. फरक एवढाच पडला की प्रजासत्ताक झाल्यावर राणीचं नाव मधून गेलं आणि अपील थेट समितीकडे जाऊ लागलं.

का ठेवली? मला पटलेलं कारण अगदी गावठी आहे. देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षा कमी. (तिथल्या मराठी लोकांपैकी बऱ्याच जणांचे पूर्वज इकडूनच गेले, हा योगायोग.) एवढ्याशा जागेत वकील, न्यायाधीश, मंत्री, साखर कारखानदार सगळे एकमेकांच्या लग्नाला जाणारे. त्यात त्यांच्या सुप्रीम कोर्टाची रचना अशी, की आपल्याकडच्या हायकोर्टाचं आणि सुप्रीम कोर्टाचं काम ते एकटंच करतं. मोठा दावा तिथेच दाखल होतो, आणि त्यावरचं अपील ऐकणारं दिवाणी अपील न्यायालय हाही त्याच कोर्टाचा भाग. काल ज्याने निकाल दिला त्याच्या शेजारच्या चेंबरमधले न्यायाधीश आज त्याची चूक काढणार. भावकीच्या बांधाच्या भांडणात आपण परगावचा पंच का बोलावतो, ते ज्याने पाहिलंय त्याला आणखी समजवायला नको.

त्यांचा कायदाही मोठा गमतीचा आहे. इंग्रजांनी 1810 मध्ये बेट फ्रेंचांकडून घेतलं तेव्हा रहिवाशांचे कायदे तसेच ठेवायचं कबूल केलं. त्यामुळे मालमत्ता, वारसा, करार हे नेपोलियनच्या संहितेतून आलेलं; फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचे नियम इंग्रजी वळणाचे. दिवाणी संहितेचं कलम फ्रेंचमध्ये, त्यावरचं निकालपत्र इंग्रजीत, आणि कोर्टाबाहेर पक्षकार वकिलाशी बोलतो ती क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून बनलेली तिथली बोली! बॅरिस्टर, ॲटर्नी, नोटरी असे वकिलीचे तीन वेगळे धंदे. आमच्याकडे एकच माणूस हे तिन्ही करून वर चहाही मागवतो.

गुलामीच्या मुद्द्यावर एक हिशेब बघा. लंडनचं अपील बंद करायला घटनादुरुस्ती लागते आणि तिला संसदेच्या एकूण सदस्यांपैकी तीन चतुर्थांश मतं. अशक्य वाटतं ना? पण 1982 आणि 1995 मध्ये मुख्य बेटावरच्या 60 पैकी 60 जागा एकाच आघाडीने जिंकल्या होत्या, आणि 2024 मध्ये निवडून द्यायच्या 62 पैकी 60. मनात असतं तर एका अधिवेशनात काम उरकलं असतं. कोणी उरकलं नाही.

आणि ज्या देशात विरोधी बाक असे रिकामे पडू शकतात तिथे कोर्टाचं वजन वेगळंच असतं. 2006 चा खोयराती खटला मला फार आवडतो. अमली पदार्थांच्या ठरावीक गुन्ह्यांत जामीन द्यायचाच नाही, असा कायदा संसदेने केला आणि त्याला आधार म्हणून घटनाही दुरुस्त केली. सुप्रीम कोर्ट म्हणालं, नाही चालणार. घटनेचं पहिलं कलम देशाला लोकशाही राज्य म्हणतं. जामिनाचा निर्णय न्यायाधीशाच्या हातून काढून घेणं म्हणजे त्या कलमालाच हात घालणं. ते कलम बदलायचं तर आधी सार्वमतात तीन चतुर्थांश मतदारांचा होकार आणि मग संसदेत एकूण एक सदस्याचं मत हवं. लंडनने हेच कायम केलं. आपल्या केशवानंद भारती खटल्याची आठवण होते, ज्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने घटनेची मूळ चौकट संसदेला मोडता येणार नाही असं ठरवलं; फक्त मॉरिशसमध्ये हे कुंपण घटनेतच लिहून ठेवलेलं आहे.

लंडनला जाणं म्हणजे ब्रिटनपुढे झुकणं नव्हे, याला मी 25 फेब्रुवारी 2019 ही तारीख पुरावा म्हणून देईन. त्या दिवशी प्रिव्ही कौन्सिलने तेव्हाचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांच्या हितसंबंधांच्या संघर्षाच्या खटल्यात सरकारी वकिलांचं अपील फेटाळलं, म्हणजे सुप्रीम कोर्टाने दिलेली निर्दोष मुक्तता टिकली. त्याच दिवशी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की ब्रिटनने हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवरचा कारभार लवकरात लवकर संपवावा. चागोसवर मॉरिशसचा दावा. एका हाताने ब्रिटिश न्यायाधीशांपुढे अपील चालवायचं, दुसऱ्या हाताने ब्रिटनलाच जगापुढे खेचायचं!

माझी तक्रार वेगळी आहे. घटनेतल्या तरतुदीप्रमाणे दिवाणी वाद 10,000 मॉरिशियन रुपये किंवा जास्त किमतीचा असेल तर अंतिम निकालावर लंडनला अपील हक्काने करता येतं. आपले साधारण वीस हजार. हक्क म्हणून छान, पण लंडनच्या वकिलाच्या पहिल्या पत्रालाच त्याहून जास्त लागत असतील. म्हणजे दार सगळ्यांना उघडं, आणि आत जाणार तो बँक, कंपनी, सरकार, नाहीतर हट्टाला पेटलेला जमीनदार. 2008 मध्ये प्रिव्ही कौन्सिल स्वतःच मॉरिशसला येऊन बसलं होतं, 2010 मध्येही. तसं दरवर्षी करा म्हणावं, नवी इमारत आता आहेच.