संग्रहालयात काम म्हणजे कपाटं पुसणं?

प्रश्न : बाई, लेक प्राणिशास्त्र शिकते. तिला संग्रहालयात काम करायचंय. घरचे म्हणतात, तिथे नुसती कपाटं पुसायची. खरं का? — एक आई, पेडणे

उत्तर : मुळीच नाही! त्यांना मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांची हकिकत ऐकवा. दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन शहराच्या छोट्या संग्रहालयाच्या त्या क्युरेटर, म्हणजे तिथला संग्रह जमवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या. डिसेंबर १९३८ मध्ये धक्क्यावर, ट्रॉलरच्या (मासेमारी जहाजाच्या) मासळीच्या ढिगात त्यांना निळसर, जाड खवल्यांचा, दीड मीटर लांबीचा मासा दिसला. टॅक्सीवाला तो घ्यायला तयार होईना. मासा थंड ठेवायला शवागार आणि शीतगृह, दोघांनीही हात वर केले. मार्जोरीबाई हटल्या नाहीत. फॉर्मॅलिनमध्ये (कुजणं रोखणाऱ्या द्रावणात) भिजवलेल्या कापडात तो गुंडाळला, चित्र काढून मत्स्यतज्ज्ञ स्मिथ यांना धाडलं. निघाला सीलाकँथ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाला असं सगळे धरून चालले होते तो! त्याच्या प्रजातीचं नाव ‘लॅटिमेरिया’, बाईंवरूनच.

आणि विज्ञान शिकलेल्या बाया कुठवर पोचतात ते पाहायला लांब कशाला जायचं? आपल्या गोव्यातल्याच दोनापावलच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या डॉ. अदिती पंत १९८३ मध्ये अंटार्क्टिका मोहिमेवर गेल्या.

लेकीला पहाटे मालीमच्या मासेमारी जेटीवर न्या. वही-पेन्सिल सोबत असू दे. अनोळखी मासा दिसला की आधी चित्र, मग मोजमाप.